हवेशीर खुर्ची

हवेशीर खुर्ची म्हणजे जिच्या आसनातून आणि पाठीतून हवा आरपार खेळू शकते, अशी बसण्याची खुर्ची होय. वेताच्या विणीची खुर्ची, बांबूच्या कामट्यांची खुर्ची, नवारीची किंवा नायलॉनच्या पट्ट्यांची खुर्ची आणि अलीकडची जाळीदार कार्यालयीन खुर्ची हे तिचे प्रमुख प्रकार आहेत. दिवसाचे सात-आठ तास एकाच जागी बसून काम करणारे लिपिक, संगणकचालक, शिक्षक, बँक कर्मचारी आणि दुकानदार यांच्या दृष्टीने उष्ण प्रदेशात खुर्चीची निवड ही केवळ सोयीची नव्हे, तर आरोग्याचीही बाब ठरते. महाराष्ट्रातील चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहेत. कारण येथील उन्हाळा राज्यातील सर्वांत कडक उन्हाळ्यांपैकी असून, हवेशीर खुर्चीसाठी लागणारे बांबू आणि सागवान हे दोन्ही पदार्थ याच जिल्ह्यांच्या जंगलांत मुबलक आहेत.

शरीर, उष्णता आणि आसन

स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे शरीर सुमारे १०० वॉट इतकी उष्णता सतत बाहेर टाकत असते. ही उष्णता हवेच्या संपर्काने, प्रारणाने आणि घामाच्या बाष्पीभवनाने शरीरातून निघून जाते. त्वचेचे तापमान साधारणपणे ३३ ते ३५ अंश सेल्सिअस असते. खोलीतील हवा त्याहून थंड असेपर्यंत तिन्ही मार्ग खुले असतात. हवा त्वचेपेक्षा अधिक तापली, की पहिले दोन मार्ग उलटे होतात, म्हणजे शरीर उष्णता देण्याऐवजी घेऊ लागते. अशा वेळी बाष्पीभवन हा एकच मार्ग उरतो. एक लिटर घाम पूर्णपणे वाळताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. मात्र तो वाळला तरच. निथळून गेलेला किंवा कपड्यात मुरलेला घाम शरीराला फारसा थंडावा देत नाही.

खुर्चीत बसलेल्या माणसाच्या मांड्यांचा मागील भाग, नितंब आणि पाठ हे भाग खुर्चीला टेकलेले असतात. खुर्ची फोमची असून तिच्यावर रेक्झिनचे आवरण असेल, तर या भागांतील बाष्पीभवन जवळजवळ थांबते. फोम उष्णतेचा दुर्वाहक आहे; त्यामुळे शरीराची उष्णता त्यातून बाहेर पडत नाही. रेक्झिनमधून बाष्प जात नाही; त्यामुळे घाम कपड्यात साचतो. विणीच्या आसनात याच्या उलट घडते. विणीच्या छिद्रांतून हवा खालून वर येते, कपडा कोरडा राहतो आणि घाम वाळताना शरीर निवते.

ग्रामीण महाराष्ट्रात हे तत्त्व खुर्चीच्या आधीपासून परिचित आहे. अंबाडीच्या दोरीने, सुतळीने किंवा नवारीने विणलेली बाज उन्हाळ्यात अंगणात टाकून तिच्यावर झोपण्याची पद्धत याच अनुभवातून आलेली आहे. जाड गादीपेक्षा उघड्या बाजेवर अंग लवकर निवते, हे ज्ञान घरोघरी होते. हवेशीर खुर्ची ही एका अर्थाने उभी केलेली बाजच होय.

इतिहास

वेत ही ताडाच्या कुळातील काटेरी वेल आहे. तिच्या खोडाची गुळगुळीत साल पट्टीच्या रूपात सोलून काढतात व त्या पट्टीने आसन विणतात. आग्नेय आशियातील वेत सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपन्यांच्या व्यापारातून युरोपात पोहोचला आणि तेथे वेतविणीच्या खुर्च्यांची प्रथा सुरू झाली. १८५९ साली मिखाएल थोनेट यांनी वाफेवर वाकवलेल्या लाकडाची आणि वेताच्या आसनाची खुर्ची बाजारात आणली. ‘क्रमांक १४’ या नावाने ओळखली जाणारी ही खुर्ची जगभरातील उपाहारगृहांत पोहोचली. १९२८ साली मार्सेल ब्रॉयर यांनी पोलादी नळीच्या सांगाड्यावर वेतविणीचे आसन बसवले.

भारतात ब्रिटिश काळातील कचेऱ्या, न्यायालये, रेल्वे स्थानके आणि विश्रामगृहे यांत सागवानी चौकटीची वेताची खुर्ची रूढ झाली. स्वातंत्र्यानंतर चंदीगड शहराच्या उभारणीत ल कॉर्बुझिये यांचे सहकारी प्येर झानरे यांनी शासकीय कार्यालयांसाठी सागवान व वेत यांच्या खुर्च्या तयार करवून घेतल्या. पुढे त्यांतील अनेक खुर्च्या मोडीत काढल्या गेल्या आणि भंगाराच्या भावाने विकल्या गेल्या. त्याच खुर्च्यांना परदेशांतील लिलावांत मोठ्या किमती मिळू लागल्यावर २०११ साली केंद्रीय गृह मंत्रालयाने चंदीगडमधील या वारसा-वस्तूंच्या विक्रीवर व निर्यातीवर बंदी घातली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फोम, रेक्झिन आणि प्लॅस्टिक स्वस्त झाले व वेताची खुर्ची कार्यालयांतून मागे पडली. वेताच्या जागी प्लॅस्टिकची किंवा नायलॉनची पट्टी वापरण्याची पद्धतही याच काळात आली. १९९४ साली अमेरिकेतील हर्मन मिलर या कंपनीने बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक यांनी रचलेली ‘एरॉन’ ही खुर्ची बाजारात आणली. तिचे आसन आणि पाठ हे दोन्ही भाग ताणून बसवलेल्या जाळीचे होते. त्यानंतर जाळीदार कार्यालयीन खुर्च्यांचा प्रसार झाला. वेताच्या आसनात शतकानुशतके वापरले गेलेले तत्त्व अशा रीतीने कृत्रिम धाग्यांच्या रूपाने कार्यालयांत परत आले.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील संदर्भ

हवामान

चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात कमाल तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सिअस ओलांडते. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी या ठिकाणांची नावे उन्हाळ्यात देशातील सर्वाधिक तापमानाच्या नोंदींमध्ये वारंवार येतात. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषांनुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४५ अंशांवर गेल्यास उष्णतेची लाट आणि ४७ अंशांवर गेल्यास तीव्र उष्णतेची लाट मानली जाते. कोळसा खाणी आणि औष्णिक वीज केंद्र यांमुळे चंद्रपूर परिसराची ओळख औद्योगिक आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा मात्र बहुतांशी वनाच्छादित आहे.

या प्रदेशातील उष्म्याचे दोन भिन्न काळ आहेत आणि खुर्चीच्या निवडीत दोहोंचा विचार करावा लागतो. एप्रिल व मे महिन्यांत हवा अतिशय कोरडी असते. घाम लवकर वाळतो. या काळात हवेशीर आसनाचा लाभ सर्वाधिक मिळतो. जूनपासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तापमान उतरते, पण हवेतील दमटपणा वाढतो. घाम वाळत नाही, कपडे अंगाला चिकटतात आणि रेक्झिनच्या आसनावर बसणाऱ्यांना मांड्यांवर घामोळे व नायटा यांचा त्रास होऊ शकतो. पावसाळ्यात वेत आणि बांबू यांवर बुरशी धरण्याचा धोकाही याच काळात असतो.

विदर्भात उन्हाळ्यात वाळ्याचे किंवा लाकडी भुशाचे पडदे लावलेले कूलर सर्वत्र वापरले जातात. कूलर हवेला थंड करतो, पण त्याच वेळी तिच्यात बाष्प मिसळतो. समोरची खिडकी किंवा दार उघडे नसेल, तर खोली दमट होते आणि फोमच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाची पाठ ओली राहते. त्यामुळे कूलर असलेल्या खोलीतही हवेशीर खुर्चीची गरज संपत नाही.

स्थानिक साहित्य

वेत प्रामुख्याने सह्याद्री, ईशान्य भारत आणि अंदमान यांसारख्या दमट प्रदेशांतून येतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पानझडी जंगलांचे वैशिष्ट्य बांबू हे आहे. येथे मुख्यतः मानवेल जातीचा बांबू आढळतो. त्याचा दांडा भरीव किंवा जवळजवळ भरीव असल्यामुळे तो खुर्चीच्या पायांसाठी व चौकटीसाठी उपयुक्त ठरतो. कामट्या काढून सुपे, टोपल्या, डाले आणि तट्टे विणण्याचे काम बुरूड समाजाने परंपरेने केले आहे. आलापल्ली परिसरातील सागवानाचीही मोठी ख्याती आहे. अयोध्येतील राममंदिराच्या कामासाठी २०२३ साली या भागातील सागवान बल्लारपूरहून पाठवण्यात आले.

असे असूनही येथील बांबू दीर्घकाळ मुख्यतः कागदनिर्मितीसाठी वापरला गेला. बल्लारपूर येथील कागद गिरणीची स्थापना १९४५ साली झाली. बांबूवर वन खात्याचे नियंत्रण असल्यामुळे गावकऱ्यांना त्याची स्वतंत्र विक्री करता येत नव्हती. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू आणि वेत यांचा समावेश गौण वनोपजात केला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते या ग्रामसभेला बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक देण्यात आले. त्यामुळे स्वतःच्या जंगलातील बांबू स्वतः विकण्याचा अधिकार प्रत्यक्षात वापरणारे हे देशातील अग्रेसर गाव ठरले. २०१७ साली भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यात आला.

चंद्रपूर-मूल मार्गावरील चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. २०१४ साली स्थापन झालेल्या या केंद्रात बांबूच्या वस्तू व फर्निचर बनवण्याचे प्रशिक्षण दिले जाते. कच्चा बांबू टनावारी विकण्यापेक्षा त्याची वस्तू करून विकल्यास अधिक मोबदला गावात राहतो. कार्यालयीन खुर्ची ही अशा वस्तूंपैकी सतत मागणी असू शकेल अशी वस्तू आहे. मात्र चाके, उंची कमी-जास्त करण्याची सोय आणि एकसारखे माप या तीन अपेक्षा बांबूच्या हस्तनिर्मित खुर्चीला सहज पूर्ण करता येत नाहीत. त्यामुळे बांबूची खुर्ची आजही कार्यालयापेक्षा घराच्या ओसरीत किंवा विश्रामगृहाच्या व्हरांड्यात अधिक दिसते.

वेतविण आणि अंध कारागीर

वेताचे आसन विणण्याचे काम स्पर्शावर चालते. चौकटीला ठरावीक अंतरावर भोके पाडलेली असतात. त्यांतून प्रथम उभे, मग आडवे, पुन्हा उभे आणि पुन्हा आडवे असे पदर घेतले जातात. त्यानंतर दोन्ही दिशांनी तिरपे पदर घातले जातात आणि शेवटी कडेची पट्टी बसवली जाते. या क्रमातून अष्टकोनी छिद्रांची घट्ट वीण तयार होते. भोके मोजून आणि पट्टीचा ताण बोटांनी अजमावून हे काम करता येत असल्यामुळे भारतातील अंधशाळांत आणि अंधांच्या प्रशिक्षण केंद्रांत खुर्ची विणण्याचे शिक्षण दीर्घकाळ दिले गेले. शासकीय कार्यालये आणि रेल्वे यांतील खुर्च्या पुन्हा विणण्याचे काम अनेक अंध कारागिरांच्या उपजीविकेचे साधन होते. कार्यालयांनी फोमच्या खुर्च्या स्वीकारल्यावर हे काम घटले. वेताची खुर्ची मागे पडण्याचा हा परिणाम फारसा नोंदला जात नाही.

प्रकार

वेतविणीची खुर्ची – हवा खेळण्याच्या दृष्टीने उत्तम. आसन किंचित लवचीक असते. वीण तुटल्यास तेवढीच पुन्हा करता येते, चौकट पिढ्यान्‌पिढ्या टिकते. कारागीर मिळणे ही मुख्य अडचण.

प्लॅस्टिक किंवा नायलॉनच्या पट्टीची खुर्ची – दिसायला वेतविणीसारखीच. ओलाव्याने खराब होत नाही आणि वाळवी लागत नाही. पट्टी घाम शोषत नाही, कालांतराने सैल पडते आणि उन्हात ठेवल्यास ठिसूळ होते.

बांबूची खुर्ची – स्थानिक, हलकी व स्वस्त. कामट्यांमधील फटींतून हवा खेळते. कामट्यांच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या नसल्यास कपडे अडकतात. दीर्घकाळ बसण्यासाठी आसन कठीण वाटते.

नवारीची खुर्ची – लाकडी किंवा लोखंडी चौकटीवर सुती नवार आडवी-उभी विणलेली असते. सुती नवार घाम शोषते आणि ती काढून धुता येते. काही महिन्यांनी मात्र ताणावी लागते.

जाळीदार कार्यालयीन खुर्ची – नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या जाळीची, चाके असलेली, उंची बदलता येणारी. बाजारातील बहुसंख्य जाळीदार खुर्च्यांची केवळ पाठ जाळीची असते; आसन फोमचेच असते. अशा खुर्चीत पाठ कोरडी राहते, पण मांड्या व नितंब यांना काहीही लाभ होत नाही.

छिद्रे असलेली प्लॅस्टिकची खुर्ची – स्वस्त व सर्वत्र उपलब्ध. पाठीला फटी असतात, परंतु आसन बहुधा सपाट आणि बंद असते. छिद्रे कमी व लहान असल्यास हवा पुरेशी खेळत नाही.

निवडीचे निकष

हवेशीर खुर्ची निवडताना प्रथम आसन पाहावे लागते, पाठ नंतर. शरीराचे बहुतेक वजन आसनावर असते आणि तेथेच कपडा सर्वाधिक दाबला जातो. आसन उजेडाकडे धरले असता आरपार प्रकाश दिसणे, किंवा आसनाखाली पंख्याचा झोत असता वर ठेवलेल्या तळहाताला वारा जाणवणे, या साध्या कसोट्या आहेत. जाळीच्या खाली प्लॅस्टिकचे बंद तबक असेल, तर जाळी असूनही हवा खेळत नाही.

दुसरा निकष ताणाचा. माणूस बसल्यावर जाळी किंवा वीण इतकी खाली जाऊ नये, की मांड्यांना पुढची कड रुतेल. कड रुतल्यास पायांतील रक्ताभिसरणास अडथळा येतो व पायांना मुंग्या येतात. आसनाची पुढची कड गोलसर आणि खाली वळलेली असणे हितावह असते.

तिसरा निकष मापाचा. पावले जमिनीवर पूर्ण टेकली असता गुडघा साधारण काटकोनात असावा. त्यासाठी आसनाची उंची बहुतेक प्रौढांना ४० ते ४५ सेंटिमीटर लागते. पाठ टेकून बसल्यावर आसनाची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटांचे अंतर उरावे. कमरेच्या खोलगट भागाला आधार मिळावा. हवा कितीही खेळत असली, तरी मापात न बसणारी खुर्ची कंबरदुखीला कारण ठरते. चाकांच्या खुर्चीला पाच पायांचा तळ असल्यास ती कलंडत नाही.

चौथा निकष दुरुस्तीचा. तालुक्याच्या ठिकाणी किंवा भामरागड, एटापल्ली, सिरोंचा यांसारख्या दूरच्या भागांत बिघडलेल्या यांत्रिक खुर्चीचा सुटा भाग मिळणे कठीण असते. सुताराला, बुरुडाला किंवा वेल्डिंग करणाऱ्याला दुरुस्त करता येईल अशी साधी खुर्ची तेथे अधिक काळ टिकते.

नवी खुर्ची घेणे शक्य नसल्यास आहे त्या खुर्चीत काही सुधारणा करता येतात. रेक्झिनवर सुती किंवा खादीची सैल खोळ घालणे, आसनावर शिंदीच्या पानांची किंवा वाळ्याची चटई ठेवणे, किंवा वाहनचालक वापरतात तसे लाकडी मण्यांचे आच्छादन घालणे हे त्यांतील प्रचलित उपाय होत. भारतीय कार्यालयांत अधिकाऱ्याच्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल टाकण्याची प्रथा आहे. तो अधिकाराचे चिन्ह मानला जात असला, तरी घाम शोषणे हेच त्याचे प्रत्यक्ष काम असते. तो रोज धुतला न गेल्यास त्वचाविकाराचे निमित्त ठरतो. ओला टॉवेल आसनावर ठेवून बसण्याने क्षणभर गारवा मिळतो, पण त्वचा दीर्घकाळ ओली राहते.

खुर्चीची जागाही महत्त्वाची असते. छताचा पंखा बसलेल्या माणसाच्या डोक्यावर व खांद्यांवर वारा घालतो. आसनाखालची हवा तो फारशी हलवत नाही. बाजूने, कमरेच्या किंवा त्याहून खालच्या उंचीवर येणारा टेबल पंख्याचा अथवा कूलरचा झोत विणीच्या आसनाला अधिक उपयोगी पडतो. पश्चिमेकडील खिडकीजवळ आणि पत्र्याच्या छताखाली प्रारणाची उष्णता अधिक असते. तेथे खुर्ची ठेवणे टाळले जाते.

देखभाल

वेत कोरड्या हवेत ठिसूळ होतो. उन्हाळ्यात आसनाच्या खालच्या बाजूने ओल्या फडक्याने पुसून ते सावलीत वाळू दिल्यास सैल पडलेली वीण पुन्हा ताणली जाते. विणीवर उभे राहणे किंवा गुडघा टेकणे हे वीण तुटण्याचे सर्वसाधारण कारण असते. एक पट्टी तुटली असतानाच दुरुस्ती केल्यास संपूर्ण आसन बदलावे लागत नाही.

बांबूतील पिष्टमय पदार्थामुळे त्याला भुंगेरे लागतात व बारीक पीठ गळू लागते. यासाठी तीन-चार वर्षांचा पक्व बांबू पावसाळ्यानंतर तोडणे, तो काही काळ पाण्यात बुडवून ठेवणे, आणि बोरिक आम्ल व बोरॅक्स यांच्या द्रावणाची प्रक्रिया करणे हे उपाय केले जातात. प्रक्रिया न केलेली खुर्ची कमी काळ टिकते आणि त्यामुळे एकूणच बांबूच्या फर्निचरविषयी अविश्वास निर्माण होतो. जाळीदार खुर्चीच्या छिद्रांत धूळ बसते. कोळसा पट्ट्यात ती अधिक बसते. ब्रशने झाडून साबणाच्या पाण्याने पुसल्यास छिद्रे मोकळी राहतात.

मर्यादा

हवेशीर खुर्ची खोलीचे तापमान कमी करत नाही. शरीराला घाम वाळवण्याची संधी देणे एवढेच तिचे कार्य आहे. घाम निर्माण होण्यासाठी पुरेसे पाणी प्यावे लागते, आणि तो वाळण्यासाठी हवा पुरेशी कोरडी व हलती असावी लागते. तापमान ४० अंशांच्या पुढे गेल्यावर केवळ पंख्याचा उपयोग कमी होत जातो. चक्कर येणे, तीव्र डोकेदुखी, मळमळ, बोलण्यात असंबद्धता किंवा शुद्ध हरपणे ही उष्माघाताची लक्षणे दिसल्यास रुग्णाला सावलीत नेऊन अंग पाण्याने थंड करणे व तातडीने रुग्णालयात पोहोचवणे आवश्यक असते. कामाच्या वेळेत बदल, पिण्याच्या पाण्याची सोय, छतावर पांढरा रंग आणि खिडक्यांना तट्टे किंवा पडदे या उपायांची जागा कोणतीही खुर्ची घेऊ शकत नाही.

खुर्ची मुळात बसणाऱ्यालाच मिळते, ही तिची आणखी एक मर्यादा. दुकानांतील कर्मचाऱ्यांना दिवसभर उभे ठेवण्याच्या प्रथेविरुद्ध केरळने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय बंधनकारक केली. कारखान्यांत उभ्याने काम करणाऱ्या कामगारांना संधी मिळेल तेव्हा बसता यावे, अशी तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमात होती.

हे सुद्धा पहा

बांबू
वेत
बुरूड
उष्माघात
वनहक्क कायदा
चंद्रपूर जिल्हा
गडचिरोली जिल्हा